बाबांच्या तळपायाला जखम, शुगर आहे, दुखत नाही म्हणतात आणि भाताची लावणी सोडायला तयार नाहीत

डोंबिवलीचा_देवगडी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण वाचा आणि कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा. आमचे बाबा देवगड तालुक्यात गावी असतात, वय ६४, मुंबईची नोकरी संपल्यावर आई आणि ते दोघं गावीच गेले. शुगर बरीच वर्षं आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ घेतात, म्हणजे आई हातात देते तेव्हा घेतात. मे महिन्यात आंब्यांच्या वेळी गेलो होतो तेव्हा मागे लागून रक्त तपासायला लावलं तर एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची टेस्ट) ९.४. डॉक्टर म्हणाले इन्सुलिन सुरू करूया, तर बाबा म्हणे इन्सुलिन लागलं म्हणजे माणूस संपला, आमच्या वाडीतल्या अमक्याला लावलं आणि वर्षात गेला. विषय तिथेच बंद.

आता लावणी चालू आहे. जमीन फार नाही पण शेत पडीक ठेवलं तर गावात तोंड कसं दाखवायचं हा त्यांचा प्रश्न, गडी मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, मग स्वतःच चिखलात उतरतात, अनवाणी. शनिवारी गावी गेलो तर बाबा विहिरीवरून पडवीत आले ते एकाच पायात चप्पल घालून, दुसरी वाटेत चिखलात रुतून राहिली होती आणि त्यांना पत्ताच नाही!! मी म्हटलं बाबा चप्पल कुठाय, तर खाली बघितलं तेव्हा कळलं त्यांना. म्हणून बळेच पाय धुवून बघितला. अंगठ्याच्या खाली तळव्याला जखम आहे, रुपयाच्या नाण्याएवढी, कडा पांढऱ्या फुगलेल्या आणि मध्ये पिवळट. आई म्हणाली तिथे कुरूप होतं ते त्यांनी दाढीच्या ब्लेडने तासलं, वर हळद आणि खोबरेल. बोटांच्या बेचक्यात चिखल्या पण झाल्यात. विचारलं दुखत नाही का, तर उत्तर, दुखना नाय तर डॉक्टर कित्याक होयो (दुखत नाही तर डॉक्टर कशाला हवा). वर शेजारचे सांगतायत खाडीच्या पाण्यात पाय बुडवून बस, खारं पाणी जखम सुकवतं. आणि दुसरे एक जण सप्तरंगीचा काढा घे आणि गोळ्या बंद कर म्हणून मागे लागलेत.

मला विचारायचंय की हे कितपत सिरीयस आहे, मुंबईला आणू का तिकडेच दाखवू, इन्सुलिनचं कसं समजावू, आणि खाण्यापिण्याचं काय, कारण सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात हेच चालतं आणि सध्या बंदी असल्यामुळे ताजे मासे नाहीत, सुकं चालू आहे.

रत्नागिरीची_सिस्टर

दादा, बाकीचं सगळं नंतर, आधी पाय. मी सर्जिकल वॉर्डला आहे, पावसाळ्यात असे पाय खूप बघते. तुमचे बाबा म्हणतायत दुखत नाही म्हणजे बरं आहे, नेमकं उलटं आहे ते. तळव्याला एवढी जखम आणि माणूस चिखलात उभा राहून लावणी करतोय, म्हणजे दुखणं कळवणाऱ्या पायाच्या नसा गेलेल्या आहेत. पायातून निसटलेली चप्पल न कळणं ही आमच्याकडे पेशंटला विचारायची पहिली गोष्ट असते. दुखलं असतं तर ते लंगडले असते, टेकायचं टाळलं असतं, ब्लेड लागल्या लागल्या ओरडले असते. दुखत नाही म्हणून त्याच जखमेवर सगळ्या अंगाचा भार देऊन ते दिवसभर चालतायत आणि जखम आत आत जातेय.

मुंबईला आणायची वाट बघू नका. उद्याच्या उद्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या, तिथून गरज असेल तर ओरोसला जिल्हा रुग्णालयात पाठवतील, तुमच्याकडचे बरेच लोक गोव्याच्या मेडिकल कॉलेजला, बांबोळीला पण जातात. आणि यातलं एक जरी दिसलं तर उद्या सुद्धा नको, आत्ता रात्रीच निघा : जखमेच्या बाजूची लाली पसरत चाललीय, पायाला सूज किंवा हाताला गरम लागतंय, घाण वास, कुठे काळं पडलंय, ताप थंडी, किंवा शुगर एकदम ३०० च्या वर आणि उलट्या. ताप नाही म्हणून निवांत राहू नका, शुगरवाल्यांना आत पू असूनही कधी कधी ताप येत नाही.

डॉक्टरांकडे काय व्हायला पाहिजे ते सांगते म्हणजे तुम्हाला विचारता येईल. जखमेभोवतीची मेलेली पांढरी कातडी काढतात, खाली हाड लागतंय का बघतात, एक्स-रे काढतात. पायाची नाडी दोन ठिकाणी बघायची, पाऊलाच्या वर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला, ती लागत नसेल तर डॉपलर (रक्त वाहतंय का ते बघायची मशीनची टेस्ट), कारण रक्तच पोचत नसेल तर कितीही ड्रेसिंग करा, भरणार नाही. बाबा विडी ओढतात का? ओढत असतील तर हे जास्त महत्त्वाचं आहे. मग नायलॉनचा एक जाडसर धागा असतो, मोनोफिलामेंट म्हणतात, १० ग्रॅम दाब पडला की वाकतो, तो तळव्याला ठिकठिकाणी टेकवून विचारतात कळतंय का. डोळे मिटायला लावायचे हं त्या वेळी, नाहीतर बघून हो हो म्हणतात. धनुर्वाताचं इंजेक्शन. आणि पायावरचा भार काढणं, हे सगळ्यात मोठं औषध आहे आणि हेच कोणी ऐकत नाही. चांगली अँटिबायोटिक चालू आणि पेशंट संडासला, देवळात, गोठ्यात फेऱ्या मारतोय, काय उपयोग.

खाडीचं पाणी अजिबात नको. खाऱ्या-गोड्या मिसळलेल्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात, त्यातला एक जखमेतून आत गेला की काही तासांत पाय सडवू शकतो, आणि मधुमेह आणि लिव्हरवाल्यांना तो जास्त धरतो. कालवं काढताना कापलेले पाय मी बघितलेत, साधं समजू नका. गरम पाण्याचा शेक पण नको, त्यांना चटका कळणार नाही. हळद, चुना, टूथपेस्ट, काही नको. उकळून गार केलेलं पाणी किंवा सलाईनने धुवा, स्वच्छ गॉज, बस. आणि पेनकिलर हातची घेऊन देऊ नका, किडनीचा रिपोर्ट बघितल्याशिवाय तर नाहीच.

शेतात उतरणं आजपासून बंद. भाताच्या पाण्यात उंदरांचं मूत असतं, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस तापाचा) जंतू अशाच उघड्या जखमांतून आत जातो, सिंधुदुर्गात दरवर्षीची कटकट आहे. लावणीच्या दिवसांत आरोग्य केंद्रातून प्रतिबंधक गोळ्या देतात त्या घरात बाकी जे कोणी शेतात उतरतायत त्यांनी विचारून घ्या.

कातळावरचा

एवढं घाबरवू नका हो. आमच्या आज्याने आयुष्यभर तीन वेळ भात खाल्ला, अनवाणी फिरला, नव्वदीत गेला, त्याला कुठे शुगर होती. ही सगळी कंपन्यांची करामत आहे, आधी आकडे कमी करायचे मग गोळ्या विकायच्या. सप्तरंगी आपल्या रानातली आहे, बाजारात मुळ्या मिळतात, रात्री पाण्यात टाकायच्या सकाळी प्यायचं. आमच्या काकांची शुगर खाली आली, गोळ्या सोडल्या त्यांनी. इन्सुलिन एकदा लावलं की सुटत नाही हे मात्र खरं.

कुडाळचा_केमिस्ट

कातळावरचे भाऊ, सप्तरंगी काम करत नाही असं मी म्हणणार नाही, करते. ती सॅलेशिया जातीची वेल. तिच्यात जे द्रव्य आहे ते आतड्यातलं एंझाइम अडवतं, त्यामुळे भातातल्या स्टार्चची साखर हळू होते. आमच्या दुकानात व्होग्लिबोज नावाची गोळी विकतो तिचं काम अगदी हेच. मग काकांची जेवणानंतरची शुगर थोडी खाली आली असणार, मान्य. पण ९.४ वाल्याचं ९.४ तेवढ्याने सात होत नाही, आणि मुळीच्या तुकड्यात आज किती द्रव्य आणि उद्या किती याचा हिशोब कोण ठेवणार. पूर्वीची माणसं पाच मैल चालून बाजार करायची आणि आपण दूध आणायला बाईक काढतो हेही आहेच. २०२३ मध्ये आयसीएमआरचा देशभराचा सर्व्हे छापून आला, भारतात १० कोटींच्या वर मधुमेही आणि सगळ्या राज्यांत पहिला नंबर गोव्याचा, २६.४ टक्के. बांद्याचा नाका ओलांडला की गोवा, तोच भात तेच मासे तेच नारळ. आपण वेगळे आहोत असं समजायचं काही कारण नाही.

आणि मूळ प्रश्नवाल्या दादांना, एक गोष्ट लक्षात ठेवा. बाबा ग्लिमेपिराइड घेतात. त्यावर असला काढा चालू केला आणि शुगर एकदम उतरली तर घरातली साखर चारून लवकर उचलणार नाही, कारण साखर फोडणारं एंझाइमच अडवलेलं असतं. अशा वेळी ग्लुकोज पावडर लागते. म्हणून काढा घेत असतील तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. आमच्याकडे लोक डॉक्टरला काढा सांगत नाहीत आणि वैदूला गोळ्या सांगत नाहीत, दोघंही अंधारात आणि मधे पेशंट.

अजून एक, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या. ते कमी झालं तरी पायाला मुंग्या आणि बधिरपणा येतो, आणि ते भरून काढणं स्वस्त आहे. सगळा बधिरपणा शुगरचाच असं धरून बसू नये.

मालवणी_म्हातारो

झिला, तुझ्या बापाशीचा इन्सुलिनाचा भय माका बरोबर समाजता. माका लावला तेवा मीव तीन दिवस बायलेशी बोलाक नाय. आता मराठीतच लिहितो, नाहीतर अर्ध्यांना कळायचं नाही.

इन्सुलिन लावलं आणि माणूस गेला असं दिसतं कारण लावायला उशीर केलेला असतो. वाडीतला तो अमका किती वर्षं शुगर ३०० घेऊन फिरत होता ते कोण नाही सांगणार. माझ्या पायाला पण जखम झाली होती (पाय शाबूत आहे, बोट एक गेलं), तेव्हा डॉक्टर म्हणाले जखम भरेपर्यंत इन्सुलिन, कारण शुगर लवकर खाली आणायची तर गोळ्यांना वेळ लागतो आणि जास्त शुगरमध्ये जखम भरत नाही. पुढे त्यातलं दुपारचं बंद झालं, रात्रीचं एकच राहिलं. माझ्या ओळखीत एकाचं पूर्ण सुटलंय, गोळ्यांवर आहे. तर बापाशीला कायमचं म्हणून सांगूच नको, जखम भरेपर्यंत म्हणून सांग. खोटं नाही ते.

आता जे डॉक्टर घाईत सांगत नाहीत ते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० वाली सिरिंज वेगळी, केशरी टोपणाची. बाटली एक आणि सिरिंज दुसरी असं झालं तर डोस अडीच पट चुकतो. दुकानात पोरगं नवीन असेल तर देतं काहीही, आपण बघून घ्यायचं. केमिस्टभाऊंनी रागावू नये.

लाईट. पावसात आमच्याकडे लाईट गेली की दोन दोन दिवस येत नाही. चालू बाटली फ्रीजबाहेर महिनाभर टिकते, फक्त उन्हात, चुलीजवळ ठेवायची नाही. न उघडलेल्या बाटल्यांसाठी मी मातीचं मडकं ठेवलंय, बाहेरून ओलं फडकं गुंडाळून, आत प्लास्टिकच्या डब्यात बाटली, पाण्याला लागू द्यायची नाही. फ्रीजरमध्ये कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं.

आणि उतरलेली शुगर. ही चढलेल्यापेक्षा वाईट. सकाळी गोळी घेतली, पेज प्यायची राहिली कारण पाऊस उघडला आणि तरवा (भाताची रोपं) काढायला माणसं आली, असं लावणीत हमखास होतं. मग अकराच्या सुमाराला बांधावर घाम, हात कापतात, डोळ्यापुढे अंधारी, आणि माणूस चिडचिड करतो. घरच्यांना वाटतं काय भांडतोय. मशीनवर ७० च्या खाली दिसली की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच, १५ मिनिटांनी परत मोजायची, नाही वाढली तर परत तेवढीच, मग काहीतरी खायचं. ग्लिमेपिराइडवाल्याची एकदा वर येऊन परत उतरते, त्यामुळे त्या दिवशी माणसाला एकटं सोडायचं नाही. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८. कमरेला पुडी बांधायची साखरेची, पान-तंबाखूच्या चंचीशेजारी. माझी चंची सुटली, पुडी राहिली.

गुहागरची_काकू

अरे बाळा, खाण्याचं मी सांगते, आमच्याकडे हे (आमचे) आणि सासूबाई दोघंही शुगरवाले, त्यामुळे पंधरा-वीस वर्षं दोन पातेली चढवतेय. पहिलं म्हणजे भात बंद करा असं सांगूच नकोस, कोकणातला माणूस भात बंद कर म्हटलं की डॉक्टर बदलतो. भात मोजायचा. एक वाटी ठरवली की ठरवली, आणि आधी भाजी, उसळ, मासा संपवायचा मग भात. क्रम बदलल्याने सुद्धा फरक पडतो, मशीनवर बघा स्वतःच. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं चालायचं, पण तुझ्या बाबांना सध्या तेही नाही कारण पाय टेकायचा नाहीये. त्यांनी खुर्चीत बसून हातांचे व्यायाम करावेत.

उकड्या तांदळाचा भात साध्यापेक्षा जरा बरा, शुगर हळू चढते, पण बरा म्हणजे परातभर नव्हे. पेज प्यायची असेल तर नुसती पांढरी पेज आणि लोणच्याची फोड असं नको, शुगर भरभर चढते आणि अकराला परत भूक. सोबत कुळथाची उसळ नाहीतर मुगाची, नाहीतर एक अंडं. कुळीथ आपल्या घरचं, त्याची पिठी रात्री भाताऐवजी घावन्याबरोबर, घावने दोन, चार नव्हे. नाचणीचं लोकांचं एक वेड आहे की नाचणी म्हणजे शुगरला औषध. बारीक दळलेल्या पिठाचं आंबील गूळ घालून प्यायलात तर नाचणीने काय करावं? भाकरी खा, तिच्याबरोबर भाजी जास्त खा.

भाज्या तर आत्ता फुकट आहेत, टाकळा, फोडशी, अळू, कुड्याच्या शेंगा, सगळं परड्यात नाहीतर कातळावर. सुक्या मासळीचं असं आहे की तिने शुगर वाढत नाही पण मीठ भयंकर, बीपी असेल तर किडनीला दोन्हीकडून मार. सुके बांगडे, बोंबील कोमट पाण्यात भिजत घालून दोनदा पाणी फेकायचं, वर मीठ घालायचं नाही. ३१ जुलैला बंदी उठली की तारली, बांगडे येतील, ते स्वस्तही आणि हृदयाला चांगलेही, फक्त तळून रव्यात लोळवू नका रोज.

आंब्याचं विचारलं नाहीस पण पुढच्या मेमध्ये विचारशील. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे अर्धा हापूस जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळेला, आणि त्या दिवशी एक चपाती नाहीतर भात कमी. आमरस-पुरी नाही म्हणजे नाही. ह्यांना मी फोड कापून देते, आठोळी चोखायला देत नाही, कारण आठोळीच्या निमित्ताने दुसरा आंबा येतो.

कातळावरचा

काकू आठोळी तरी सोडा हो. आणि मी गोळ्या सोडा असं सगळ्यांना म्हटलं नव्हतं, काकांचं सांगितलं. काकांना विचारलं, त्यांनी मशीनवर बघितलंय, एचबीएवनसी शेवटचं कधी केलं ते त्यांना आठवत नाही.

कुडाळचा_केमिस्ट

हेच तर. सकाळची उपाशीपोटीची एक शुगर म्हणजे त्या सकाळची शुगर. एचबीएवनसी तीन महिन्यांचं सांगतं. ९.४ म्हणजे दिवसरात्र सरासरी २२० च्या आसपास. काकांचं करून घ्या, आरोग्य केंद्रात विचारा, तिशीनंतर शुगर-बीपी तिथे फुकट तपासतात आणि साध्या गोळ्या पण मिळतात.

डोंबिवलीचा_देवगडी

सगळ्यांचे खूप आभार, सिस्टर तुमचे विशेष. अपडेट देतो. त्याच रात्री आईला फोनवर लाली बघायला सांगितली, तिने टॉर्च मारून बघितलं तर पाऊलाच्या वरच्या बाजूला लालसर आणि गरम होतं. चुलतभावाने गाडी काढली, रात्रीच नेलं. ॲडमिट करून घेतलं, सलाईनमधून अँटिबायोटिक चालू केले, सकाळी डॉक्टरांनी कातडी काढली, दिसत होती त्यापेक्षा जखम आत खोल निघाली पण हाडापर्यंत गेलेली नाही, एक्स-रे ठीक आहे. नाडी लागते दोन्हीकडे. धाग्याची टेस्ट केली तर दोन्ही पायांच्या बोटांपासून अर्ध्या तळव्यापर्यंत काहीच कळत नव्हतं, बाबा स्वतःच गप्प झाले ते बघून. डॉक्टरांनी त्यांना उठवून डाव्या पायाचा, म्हणजे चांगल्या पायाचा तळवा आरशात दाखवला, तिथे पण कुरूप तयार होतंय.

इन्सुलिन जखम भरेपर्यंत म्हणून सांगितलं, तयार झाले. क्रिएटिनिन (किडनीची रक्ताची टेस्ट) नॉर्मल आहे पण लघवीची एक टेस्ट सांगितली, अल्ब्युमिनची म्हणजे प्रोटीनची, ती वाढलेली आली. क्रिएटिनिन नॉर्मल असताना हे कसं? आणि डोळे पण तपासायला सांगितलेत पण बाबा म्हणतात मला पेपर वाचता येतो, कशाला. आणि पुढे शेतात जायचं झालं तर काय घालायचं, गमबूट चालेल का?

रत्नागिरीची_सिस्टर

बरं झालं रात्रीच नेलंत.

लघवीतलं अल्ब्युमिन आधी वाढतं, क्रिएटिनिन खूप नंतर. क्रिएटिनिन वाढेपर्यंत किडनीचं बरंच काम गेलेलं असतं. तुम्हाला वेळेत कळलंय. इन्फेक्शन आणि तापात पण ते वाढतं, म्हणून जखम बरी झाल्यावर परत करा, तेव्हाही वाढलेलं असेल तर बीपीच्या गोळ्यांतली एक जात आहे जी किडनी सांभाळते, डॉक्टर ती देतील, बीपी फार नसेल तरी देतात, घाबरू नका.

डोळ्यांचं, पेपर वाचता येतो याला काही अर्थ नाही. पडद्यावर रक्त झिरपायला लागलेलं असतं तरी नजर चांगली असते, कळतं तेव्हा पडदा फाटायला आलेला असतो नाहीतर आत रक्तस्राव. थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा बघायचा, वर्षातून एकदा. थेंब घातल्यावर काही तास नीट दिसत नाही, तेव्हा त्यांना एकटं बाईकवर पाठवू नका.

गमबूट जखम पूर्ण बंद होईपर्यंत नाही. त्यानंतरही ही लावणी सोडाच, यंदा गडी लावा, पैसे तुम्ही पाठवा, पायापेक्षा स्वस्त पडतील. पुढच्या वर्षी गमबूट चालतील पण आत सुती मोजे, घट्ट नको, तासा-दोन तासांनी काढून बघायचं, मोजा ओला झाला तर बदलायचा. बेचक्या कोरड्या ठेवायच्या, चिखल्यांना मलम डॉक्टर देतील ते, आणि तेल बेचक्यात घालायचं नाही, टाचांना लावायचं. रोज रात्री आईने तळवे बघायचे. त्यांनी स्वतः बघायचं तर आरसा जमिनीवर ठेवून. ब्लेड घरातून काढून टाका खरंच, दाढी सलूनमध्ये.

आणि घरात सुद्धा अनवाणी नाही. देवळात, अंगणात, कुठेच नाही. चिऱ्याचं अंगण एप्रिल-मेमध्ये तापतं त्याने फोड आलेले पेशंट असतात आमच्याकडे.

मालवणी_म्हातारो

देवळात चप्पल घालून जायचं कसं, गावात राहायचं आहे त्यांना. मी कापडी मोजे घालतो देवळात, जाड, आणि सकाळी लवकर जातो फरशी तापायच्या आधी. गुरवाने एकदा विचारलं, पायाचं एक बोट नाहीये ते दाखवलं, परत विचारलं नाही.

गमबूट घालायच्या आधी उलटा करून झाडायचा हं. माझ्या बुटात कुर्ली (खेकडा) होती, नांगी तुटली तिची, माझ्या पायाला काय कळलं नाही, संध्याकाळी मोजा काढल्यावर दिसलं.

डोंबिवलीचा_देवगडी

😀 आजोबा तुमचं बाबांना वाचून दाखवलं, हसले पण मग मोजा कुठे मिळतो विचारलं. डॉक्टरांनी एमसीआरची चप्पल लिहून दिलीय, ती कुडाळ-कणकवलीत मिळते का, की मुंबईहून नेऊ?

कुडाळचा_केमिस्ट

एमसीआर म्हणजे मऊ रबराच्या तळाची, मागे पट्टा असलेली घ्या, बिनपट्ट्याची परत चिखलात राहील. तयार सगळीकडे ठेवत नाहीत, कणकवलीत ऑर्डर देऊन मिळेल, नाहीतर मुंबईहून आणा. कागदावर दोन्ही पायांचे माप काढून घ्या, उभं राहून, आणि संध्याकाळी काढा, सकाळी पाय लहान असतो. ड्रेसिंग चालू आहे तोवर माप काढू नका, पट्टीसकट मोठी येते आणि नंतर ढिली होते.

गुहागरची_काकू

आणि पहिल्या दिवशी अर्धा तासच घालायला सांग, काढून तळवा बघायचा लाल झालाय का, मग दुसऱ्या दिवशी थोडा जास्त वेळ. ह्यांना नवीन चपलेनेच फोड आला होता, दुकानदार म्हणत होता एकदम मापाची आहे.